धास्तावलेल्या मनासाठी चांगल्या जगाच्या गोष्टी

हवामानाच्या बातम्यांनी झोप उडते, ही तक्रार आता फक्त अभ्यासकांची राहिलेली नाही. मुंबईत पावसाचा जोर वाढला की 26 जुलै 2005 पाहिलेली माणसं आजही कामातून मान वर करून लोकल चालू आहेत का ते विचारतात. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस कोसळला होता. सांगली-कोल्हापुरात 2019 आणि 2021 चे पूर सोसलेल्या घरांमध्ये जुलै संपत आला की जुन्या आठवणी वर येतात. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यातल्या दुपारी उन्हात काम करणाऱ्या घरच्या माणसाची काळजी लागून राहते. आणि यातलं काहीही अंगावर न आलेली, पण सगळं वाचणारी तरुण मुलं आहेत. ‘द लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’मध्ये 2021 साली एक पाहणी प्रसिद्ध झाली. भारतासह दहा देशांतल्या 16 ते 25 वयाच्या दहा हजार जणांना त्यात प्रश्न विचारले होते. 59 टक्के जणांनी सांगितलं, की आम्हाला हवामान बदलाची खूप किंवा अतिशय काळजी वाटते. 45 टक्क्यांहून जास्त जणांच्या रोजच्या जगण्यावर या भावनांचा वाईट परिणाम होत होता.

ही काळजी म्हणजे मनाचा दुबळेपणा असं कुणी म्हणालं, तर ते मनावर घेऊ नका. धोका खरा आहे आणि तो दिसणाऱ्या माणसाला भीती वाटणं साहजिक आहे. मात्र त्या भीतीने गोठून जायला होत असेल, हातून काही घडेनासं झालं असेल, तर तिला थोडी वाट करून द्यायला हवी. त्यासाठी मी इथे एक उपाय सुचवतो आहे: चांगल्या जगाच्या गोष्टी वाचणं. युटोपिया म्हणतात तसल्या.

पोथीतल्या स्वर्गाची वर्णनं वाचून पूर कसा ओसरेल, असं मनात येईल. पूर ओसरणार नाही. पण आपल्या डोक्यात काय साठलंय ते एकदा तपासून पाहा. वाईट भविष्याची चित्रं आपल्याकडे रंगीत आणि तपशीलवार आहेत: बुडालेल्या गल्ल्या, भेगाळलेलं धरण, छपरावर अडकलेली माणसं. चांगल्या भविष्याबद्दल विचारलं तर आपल्याजवळ आकडे निघतात. 2050 पर्यंत ‘नेट झिरो’. इतके गिगावॉट सौरऊर्जा. मुंबई महापालिकेने मार्च 2022 मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला, त्यातही 2050 चं उद्दिष्ट आहे. चांगला आराखडा आहे तो. पण ते उद्दिष्ट साधलेल्या मुंबईत सकाळी साडेआठला दादर कसं दिसेल, हे विचारलं तर डोळ्यांसमोर काहीच येत नाही. एका पारड्यात चित्रं आणि दुसऱ्यात आकडे घातले, तर मन चित्रांकडेच झुकणार. म्हणून दुसऱ्या पारड्यातही चित्रं घालायला हवीत, आणि ती गोष्टींतून मिळतात.

हवामान बदलावरची सगळी कथा-कादंबरी इथे कामाची नाही, हे सुरुवातीलाच सांगतो. मॅथ्यू श्नायडर-मेयरसन या अभ्यासकाने 2018 मध्ये 161 अमेरिकी वाचकांची पाहणी प्रसिद्ध केली. या वाचकांनी अशा 19 पुस्तकांपैकी काही वाचली होती. पुस्तकांनी त्यांना प्रश्नाचं गांभीर्य जाणवून दिलं, पण बहुतेकांच्या वाट्याला तीव्र नकारात्मक भावना आल्या. उद्ध्वस्त जगाच्या कादंबऱ्या वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. त्यातल्या काही थोर आहेत. पण रात्री अकरा वाजता, आधीच तासभर बातम्या चाळून झाल्यावर, धास्तावलेल्या माणसाच्या हातात त्या देऊ नयेत.

मग कोणत्या द्याव्यात? माझी निवडीची कसोटी अशी आहे: त्या जगात भांडणं असली पाहिजेत. सगळे सुखी, सगळे शहाणे, सगळीकडे हिरवळ असं जग दोन पानांत कंटाळा आणतं, आणि धास्तावलेल्या मनाला तर ते खोटंच वाटतं. उर्सुला ले ग्विन यांनी 1974 साली ‘द डिस्पझेस्ड’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा त्यांच्या या युटोपियाला ‘संदिग्ध’ हे विशेषण लागलं. तिथल्या माणसांनी मालकी नसलेला समाज उभारला आहे, पण त्यांच्या ग्रहावर दुष्काळ पडतो, अन्न कमी पडतं, आणि समान वाटपाच्या आड माणसांची छुपी सत्ताही तयार होते. मला ही कादंबरी धीर देते, कारण त्या दुष्काळातही तिथली माणसं आपला समाज मोडीत काढत नाहीत.

किम स्टॅन्ली रॉबिन्सन यांची 1990 मधली ‘पॅसिफिक एज’ याच जातीची. कॅलिफोर्नियातलं एक छोटं गाव, हिरवं, समजूतदार, सायकलींचं. आणि कथानक कशाचं, तर नगर परिषदेच्या बैठका, पाण्याचा सौदा आणि गावातली एकमेव मोकळी राहिलेली टेकडी बांधकामाला द्यायची की नाही याचं. नायक जुनी घरं नव्याने बांधून देणारा कारागीर. त्याला प्रेमात काय मिळतं आणि काय मिळत नाही, हेही पुस्तकात येतं. आपल्याकडच्या टेकड्यांच्या लढाया पाहिलेल्या पुणेकराला त्या बैठका अगदी ओळखीच्या वाटतील. जग सुधारल्यावरही टेकडीसाठी बैठकीला जाऊन बसावंच लागतं, हे वाचून मला निराशा येत नाही. बैठकीला जाऊन बसणं तर आपल्याला आजही जमतं.

आता ज्या गोष्टीपासून सुरुवात करावी असं मी आवर्जून सांगेन, ती. रुकैया सखावत हुसैन यांची ‘सुलतानाज ड्रीम’. मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये 1905 साली इंग्रजीत छापून आलेली ही कथा एका बैठकीत वाचून होते. बंगालमधल्या, पडद्यात वाढलेल्या मुस्लिम घरातल्या या बाई. त्यांची नायिका आरामखुर्चीत हिंदुस्थानातल्या बायकांच्या अवस्थेचा विचार करता करता डुलकी घेते आणि ‘लेडीलँड’मध्ये पोचते. तिथे बायका राज्य चालवतात आणि पुरुष घरात बसतात. हा उलटा पडदा म्हणजे लेखिकेने मारलेली चपराक आहे. तो आराखडा म्हणून वाचायचा नाही.

तुम्ही थांबायचं ते स्वयंपाकघरापाशी. भाजीच्या मळ्यातच स्वयंपाकघर आहे. आत कोळसा नाही, विस्तव नाही, धुराडं नाही, धुराचा मागमूस नाही. खिडक्यांवर फुलं. पाहुणी विचारते, तुम्ही रांधता कसं? उत्तर मिळतं, उन्हाच्या उष्णतेवर. ती उष्णता साठवण्याची विद्या तिथल्या एका महिला विद्यापीठाने शोधली आणि दुसऱ्या विद्यापीठाने हवेतलं पाणी थेट उतरवून घेण्याची. उन्हाळा असह्य झाला की जमिनीवर पाण्याचे फवारे सोडतात. कचेरीचं काम दोन तासांत आटोपतं. चुलीच्या धुराने डोळे चोळणाऱ्या बायकांच्या देशात, 1905 मध्ये, एका बाईने सौरऊर्जेवरचं स्वयंपाकघर खिडकीवरच्या फुलांसकट पाहिलं.

त्या नुसतं पाहून थांबल्या नाहीत. 1909 मध्ये त्यांनी भागलपुरात मुलींची शाळा काढली. तिथून बाहेर पडावं लागलं तेव्हा 1911 मध्ये कोलकात्यात पुन्हा सुरू केली. ती शाळा आजही आहे. स्वप्न लिहिणारा हात आणि शाळेचं हजेरीपुस्तक भरणारा हात एकच होता. युटोपिया म्हणजे पळवाट, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हेच उदाहरण देतो.

मन फारच थकलं असेल तर बेकी चेम्बर्स यांची ‘अ साम फॉर द वाइल्ड-बिल्ट’ वाचा. 2021 मधली लघुकादंबरी. पुढच्या वर्षी तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. पँगा नावाच्या एका चंद्रावर माणसांनी केव्हाच कारखान्यांचं युग मागे टाकलं आहे आणि अर्धी जमीन रानाला सोडून दिली आहे. डेक्स नावाचे भिक्षू सायकलने ओढायची गाडी घेऊन गावोगाव फिरतात. चौकात टेबल मांडतात, माणसं समोर येऊन बसतात, काय खुपतंय ते सांगतात, आणि डेक्स त्यांना साजेसा चहा करून देतात. पुढे रानात एक यंत्रमानव भेटतो आणि माणसांना नक्की काय हवंय, असं विचारतो. एवढंच कथानक. पण डेक्स स्वतः अस्वस्थ आहेत. जग दुरुस्त झालंय, काम चांगलं आहे, लोक मान देतात, तरी आत काहीतरी उणं आहे. हे वाचताना लक्षात येतं, की आपल्या सगळ्याच दुःखाचा भार हवामानावर टाकायचं कारण नाही. काही दुःख माणूस असण्याचं असतं आणि ते चांगल्या जगातही सोबत राहील.

रॉबिन्सन यांच्याच 2020 मधल्या ‘द मिनिस्ट्री फॉर द फ्युचर’चं नाव तुम्ही ऐकलं असेल, कारण हल्ली आशेच्या पुस्तकांत तिचा उल्लेख पहिला होतो. तिच्याबद्दल थोडी सावधगिरी हवी. पहिलंच प्रकरण उत्तर प्रदेशातल्या उष्णतेच्या लाटेचं आहे: वीज गेलेली, हवा दमट, माणसं तळ्यात उतरलेली आणि तळ्याचं पाणीही गरम. त्या लाटेत दोन कोटी माणसं मरतात. मराठी वाचकाला ते परकं वाटणार नाही, म्हणूनच ते जास्त लागतं. घरात उष्माघाताने कुणी गेलं असेल किंवा तुमची झोप आधीच बिघडली असेल तर हे प्रकरण सोडून द्या, कथा समजायला अडचण येत नाही. पुढे झुरिकमधलं एक कार्यालय बँका, हिमनद्या, निर्वासित, शेती अशा शंभर आघाड्यांवर चिवटपणे काम करतं. कार्बन जमिनीतच ठेवणाऱ्याला मध्यवर्ती बँकांनी पैसे द्यायचे, ही त्यातली कल्पना वाचण्याजोगी आहे. पुस्तकात हिंसाही आहे, आणि लेखक तिच्याबद्दल जितका शांत राहतो तितकं मला राहता येत नाही. हे पुस्तक एकट्याने वाचू नका. वाचून झाल्यावर वाद घालायला कुणीतरी हवं.

अर्नेस्ट कॅलनबाख यांच्या 1975 मधल्या ‘इकोटोपिया’चं नाव अशा पुस्तकांच्या यादीत हमखास असतं. कचऱ्याचा पुनर्वापर, गाड्या हटवून पायी चालायला मोकळे केलेले रस्ते, कमी तासांचा आठवडा हे सगळं तिथे फार आधी आलं. पण त्यात काळ्या लोकांची वेगळी वस्ती सहज मान्य केली आहे. ज्या चांगल्या जगात कुणाला तरी वेशीबाहेर ठेवावं लागतं ते आपल्या ओळखीचं आहे, आणि ते चांगलं नाही. वाचायचंच असेल तर हा प्रश्न हाताशी ठेवून वाचा. लहान कथा हव्या असतील तर ‘ग्रिस्ट’ या अमेरिकी नियतकालिकाने 2021 पासून ‘इमॅजिन 2200’ नावाची कथास्पर्धा चालवली. त्यातल्या कथा इंटरनेटवर मोफत वाचता येतात. सगळ्या सारख्या जमलेल्या नाहीत, पण तिथे जगभरातली माणसं भेटतात.

वाचायचं कसं, याबद्दल थोडं. रात्रीच्या जेवणानंतर बातम्या बंद ठेवा आणि झोपण्यापूर्वीचा अर्धा तास अशा पुस्तकाला द्या. आधी फोन चाळून मग पुस्तक उघडलं तर गोष्ट डोक्यात शिरत नाही. मोठ्याने वाचता आलं तर उत्तम, घरातलं आणखी कुणी ऐकेल. एक वही ठेवा आणि तीत कथानक लिहू नका. या गावात पाणी कोण सोडतं? कचरा कोण उचलतं, आणि त्याला मान आहे का? म्हाताऱ्यांचं कोण बघतं? निर्णय झाला नाही तर काय करतात? अशा प्रश्नांची पुस्तकात सापडलेली उत्तरं उतरवून ठेवा. मनात चित्र ठसतं ते अशा तपशिलांनी. शेवट गोड आहे की नाही याला फार महत्त्व नाही.

मुलांसोबत वाचत असाल तर त्यांना खोटा दिलासा देऊ नका. “सगळं ठीक होईल” या वाक्यावर दहा वर्षांचं मूलही विश्वास ठेवत नाही. “माणसांनी असं करून पाहिलं तर काय होईल, ते बघू या” असं म्हणून सुरुवात केलेली बरी.

हे वाचन कुठे अपुरं पडतं तेही सांगायला हवं. ज्यांच्या घरात पाणी शिरलंय त्यांना आधी कोरडं अंथरूण, पंचनामा आणि नुकसानभरपाई हवी, कादंबरी नंतर. आणि झोप, भूक, काम हे आठवडेच्या आठवडे बिघडलेलं असेल, जगूच नये असे विचार येत असतील, तर पुस्तकावर विसंबून राहू नका. ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि मराठीतही बोलता येतं. हा फोन करण्यात कमीपणा काहीच नाही.

आता आपल्या भाषेकडे. चांगल्या जगाचं स्वप्न मराठीला नवं नाही. पसायदानात अख्ख्या विश्वासाठी मागणं आहे. पाडव्याला ओवाळताना आजही इडापिडा टळून बळीचं राज्य येवो असं म्हटलं जातं, आणि महात्मा फुल्यांनी त्या बळीराजाला शोषितांच्या बाजूचा राजा म्हणून पुन्हा उभं केलं. सांगली जिल्ह्यातल्या कासेगावात आयुष्य घालवलेल्या गेल ऑम्वेट यांनी ‘सीकिंग बेगमपुरा’ या 2008 मधल्या पुस्तकात संत रविदासांच्या दुःखमुक्त नगरापासून फुले-आंबेडकरांपर्यंतची ही परंपरा सलग मांडली आहे. ते पुस्तक कथा नसूनही मी याच फळीवर ठेवेन. बदलत्या हवामानावर मराठीत गोष्टही आली: जयंत नारळीकरांच्या ‘हिमप्रलय’ कथेत मुंबईत बर्फ पडतो, आणि उपाय शास्त्रज्ञाकडून येतो. पण गाव, वॉर्ड, गल्ली मिळून बदललेल्या हवामानात नीट जगते आहे, अशी मराठी कादंबरी मला फळीवर दिसत नाही. दिवाळी अंकांच्या संपादकांनी एखाद्या वर्षी हाच विषय लेखकांपुढे ठेवावा, असं मनापासून वाटतं.

तोवर खरी गावं आहेत. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांचं एकमत होईपर्यंत थांबतात, आणि त्याआधी अभ्यासगटात विषय नीट समजून घेतात. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हिवरेबाजार दरवर्षी पडलेल्या पावसाचा ताळेबंद मांडून कोणती पिकं घ्यायची ते ठरवतं. या गावांना देव्हाऱ्यात बसवू नका, तिथेही मतभेद आहेत. वर सांगितलेले वहीतले प्रश्न त्यांनाही लावून पाहा.

आणि मग स्वतः लिहा. तुम्ही लेखक असायची गरज नाही. एकच पान, 2050 मधला आपल्या गल्लीतला एक साधा दिवस. यंत्रं कमी, माणसं जास्त ठेवा. संकट पुसून टाकू नका; ते आलेलं असू द्या आणि गल्ली त्याला तयार असू द्या. सांगलीतल्या कुणी लिहिलं तर ते काहीसं असं होईल:

“आयर्विन पुलाजवळ पाणी 38 फुटांवर आहे. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे पोरांनाही पाठ आहे. तळमजल्यावर आता कुणी राहत नाही; सायकली असतात, कट्टा असतो, पावसाळ्यात तेवढंच भिजतं. स्वयंपाकघरं वर गेली त्याला वीस वर्षं झाली. निळ्या पूररेषेच्या आतले प्लॉट सोडवून घेतले तिथे कुरण आहे, आज त्यावर नदी पसरली आहे. म्हशी कालच उंचावरच्या सामायिक गोठ्यात गेल्या. शेजारच्या आजींना वरच्या मजल्यावर नेण्याची पाळी यंदा कदमांच्या थोरल्याकडे. होडी आमच्या गल्लीत ठेवायची की मागच्या, यावरून सकाळी वाद झाला आणि संध्याकाळी पुन्हा बसायचं ठरलं. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती विसर्ग चालू आहे ते विचारायला दोन्ही राज्यांच्या समितीचा रोजचा फोन दहा वाजता झाला. आवाज चढले, पण आकडा मिळाला. शाळा सुरू आहे.”

2019 मध्ये याच पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, हे माहीत असलेल्या माणसाने हे पान लिहिलेलं आहे, हे लक्षात घ्या. त्यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट आजच्या तंत्राने जमण्यासारखी आहे. अडतं ते पैशांवर, जमिनीच्या हितसंबंधांवर आणि शेजाऱ्यांशी न झालेल्या बोलण्यावर. यातलं शेवटचं या आठवड्यात सुरू करता येतं.

चार-पाच घरांनी अशी पानं लिहिली की ती एकत्र वाचा. सोसायटीच्या गच्चीवर, वाचनालयात, भजनी मंडळाच्या ओसरीवर, कुठेही. वाचताना कुणाचं पान सरस हे ठरवत बसू नका. सगळ्यांच्या पानांत सारखं काय आलं ते बघा. तीन पानांत होडी असेल, चार पानांत सावलीचा बसथांबा असेल, तर तुमच्या हाती एक मागणी आली. शहरात ती प्रभागाच्या नगरसेवकाकडे आणि वॉर्ड कार्यालयात लेखी द्या, पोच घ्या. गावात असाल तर 15 ऑगस्टच्या ग्रामसभेच्या आधी ग्रामपंचायतीकडे अर्ज देऊन विषयपत्रिकेवर विषय घालायला सांगा, आणि सभेला ज्यांनी पानं लिहिली ते सगळे मिळून जा.